मिडासच्या टेकडीत सोनं नव्हतं

हात लावील त्याचं सोनं होणारा मिडास राजा आपल्याकडेही बालगोष्टींतून पोचला. पण १९५७ साली तुर्कस्तानात मिडासच्या राजधानीजवळची, म्हणजे गॉर्डियनजवळची ५३ मीटर उंचीची दफनटेकडी पुरातत्त्वज्ञ रॉडनी यंग यांनी उघडली, तेव्हा आत सोन्याचा कणही निघाला नाही.

जे निघालं ते मात्र थक्क करणारं होतं. कोळशाच्या खाणींत मुरलेले झोंगुलदाकचे खाणकामगार बोलावून टेकडीच्या पोटात बोगदा खणला, तो थेट एका लाकडी दालनाशी पोचला. आत साठी ओलांडलेल्या पुरुषाचा सांगाडा, कापडांच्या थरांवर निजवलेला. भोवती कांस्याच्या मोठ्या कढया, सिंहाच्या आणि मेंढ्याच्या तोंडाची पात्रं, ढिगाने वस्त्रपिना आणि बारीक जडावाचं लाकडी सामान. काही भांड्यांच्या तळाशी मर्तिकाच्या जेवणाचं खरकटंसुद्धा वाळून टिकलेलं. पुढे रासायनिक तपासणीत त्यात द्राक्षाची दारू, जवाची बिअर आणि मधाचं मद्य यांचं मिश्रण सापडलं. टेकडीला मिडासचं नाव चिकटलं, तरी यंग यांचा स्वतःचा कल त्याच्या आधीच्या राजाकडे होता. लाकडातल्या वर्षवलयांवरून दालनाचा काळ आता इसवी सनपूर्व ७४० च्या आसपास धरतात. म्हणजे त्यांचा होरा बराचसा खरा ठरला.

यंग यांचा जन्म १९०७ चा. अथेन्सच्या प्राचीन बाजारपेठेच्या उत्खननात ते तयार झाले आणि तिथल्या भौमितिक काळातल्या थडग्यांवरचं त्यांचं पुस्तक १९३९ साली आलं. इटलीने ग्रीसवर हल्ला केला तेव्हा हा अमेरिकन संशोधक आघाडीवर रुग्णवाहिका चालवत होता. तिथे ते जखमीही झाले.

युद्धानंतर ते पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात आले, तिथल्या संग्रहालयात भूमध्य विभागाचे क्युरेटर झाले आणि १९५० पासून गॉर्डियन खणू लागले. तुर्की कायद्याप्रमाणे सापडलेल्या वस्तू तुर्कस्तानातच राहायच्या. दोन दशकांहून अधिक काळ खणून या क्युरेटरने आपल्या संग्रहालयाच्या कपाटांत जवळजवळ काहीच भर घातली नाही. नोंदी, नकाशे, छायाचित्रं आणि हाताखाली तयार झालेले विद्यार्थी, एवढं मात्र आणलं. क्युरेटरची कमाई कशात मोजायची, याचं इतकं स्वच्छ उत्तर क्वचितच कुणी दिलं असेल.

त्याच संग्रहालयाने १९६६ मध्ये ट्रॉयच्या परिसरातले म्हणवले जाणारे सोन्याचे दागिने बाजारातून विकत घेतले होते. कुठल्या थरातले, कुणी खणलेले, पत्ता नाही. अशा वस्तूंचा अभ्यासाला काय उपयोग? १ एप्रिल १९७० रोजी तिथल्या क्युरेटर मंडळींनी एकमताने ठरवलं, की मूळ ठिकाण आणि आधीचे मालक कळल्याशिवाय यापुढे एकही प्राचीन वस्तू विकत घ्यायची नाही. अशा वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये झाला. यंग त्या वेळी अमेरिकेच्या पुरातत्त्व संस्थेचे अध्यक्षही होते.

१९७४ मध्ये मोटार अपघातात ते गेले आणि लिखाणाचं मोठं काम अर्धवट राहिलं. दफनटेकड्यांवरचा ग्रंथ १९८१ साली सहकाऱ्यांनी पुरा केला. त्यांचे सगळेच निष्कर्ष टिकले असंही नाही. गॉर्डियनमधला जळिताचा थर त्यांनी इसवी सनपूर्व ७०० च्या सुमाराच्या स्वारीशी जोडला होता. नव्या कालमापनाने तो शंभर वर्षं मागे गेला. पण कोणती वस्तू कुठे, कशाशेजारी होती याच्या नोंदी हाताशी होत्या, म्हणून तर ही दुरुस्ती करता आली.

ते १९६६ चे दागिने २०१२ मध्ये तुर्कस्तानकडे बेमुदत उसने म्हणून रवाना झाले. २०१६ मध्ये तुर्कस्तानने शंभराहून अधिक वस्तू याच संग्रहालयाच्या फिलाडेल्फियातल्या प्रदर्शनासाठी पाठवल्या. त्यांत या टेकडीतली भांडीही होती.