पॅलाडिनचे पतन

पॅलाडिनचे पतन म्हणजे कल्पनारम्य भूमिकाखेळांतील व्रतस्थ योद्ध्याने आपले व्रत मोडल्यामुळे त्याला लाभलेले दैवी सामर्थ्य गमावणे होय. या खेळांत काही जण एका टेबलाभोवती बसतात. प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो आणि एक जण सूत्रधार होऊन उरलेले सारे जग चालवतो. पात्र काय करते ते खेळाडू सांगतो. त्याचा परिणाम फासे आणि सूत्रधार मिळून ठरवतात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांनी रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) हा अमेरिकी खेळ या प्रकारातील आद्य खेळ मानला जातो. योद्धा, चोर, मांत्रिक, पुरोहित अशा त्यातील वर्गांमध्ये पॅलाडिनच्या सामर्थ्याला वर्तनाची अट सर्वांत कडकपणे जोडलेली होती. म्हणूनच या एका वर्गाभोवती नीती, शिक्षा आणि प्रायश्चित्त यांविषयीचा वाद पन्नास वर्षे चालू आहे.

शब्द आणि पूर्वपरंपरा

'पॅलाडिन' हा शब्द लॅटिनमधील 'पॅलाटिनस' म्हणजे 'राजवाड्याचा' या शब्दावरून आला आहे. मध्ययुगीन फ्रेंच वीरकाव्यांच्या परंपरेत सम्राट शार्लमेनच्या बारा निवडक वीरांना हे नाव मिळाले. रोलाँ हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. डेन्मार्कचा ओजिए हा दुसरा. खेळातील पॅलाडिनवर विशेष छाप आहे ती पॉल अँडरसन यांच्या 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स' (१९६१) या कादंबरीची. तिचा नायक होल्गर हा विसाव्या शतकातील डॅनिश अभियंता असून, जादूच्या जगात जाऊन पडल्यावर आपणच तो ओजिए असल्याचे त्याला उमगते.

पतनाची कल्पना याहून जुनी आहे. आर्थर राजाच्या कथांत सर लान्सलॉट हा सर्वांत पराक्रमी वीर. परंतु राणी ग्वेनेव्हिअरशी असलेल्या संबंधामुळे पवित्र चषकाची प्राप्ती त्याला होत नाही, ती त्याचा निष्कलंक पुत्र गॅलहॅड याला होते. मराठी वाचकाला येथे महाभारतातील युधिष्ठिर आठवणे स्वाभाविक आहे. द्रोणाचार्यांना फसवण्यासाठी अर्धसत्य उच्चारताच, भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकला. खेळाचा नियम तेथून आलेला नाही. पण चित्र तेच आहे. वीराची शस्त्रे आणि बळ कायम राहते, केवळ त्याला इतरांहून वर धरणारे काहीतरी निघून जाते.

नियमांतील स्थित्यंतरे

पॅलाडिन हा वर्ग १९७५ साली 'ग्रेहॉक' या पुरवणीत प्रथम आला. त्यासाठी पात्राचे व्यक्तिमत्त्वतेज किमान १७ असावे लागे. तीन फासे टाकून १७ किंवा १८ येण्याची शक्यता २१६ पैकी ४ म्हणजे चोपन्नांत एक इतकीच असते. पॅलाडिन मिळणेच दुर्मीळ होते, आणि मिळालेला टिकवणे त्याहून अवघड. एका जरी कृतीने त्याने नियमनिष्ठा सोडून स्वैराचार केला, तरी त्याचे पद तत्क्षणी जाई आणि पुन्हा कधीही मिळत नसे. हेतू काय होता, हे विचारण्याची सोय त्या नियमात नव्हती.

१९७८ च्या 'प्लेअर्स हँडबुक'ने यात महत्त्वाचा भेद केला. पॅलाडिनने जाणूनबुजून स्वैर कृती केली, तर सातव्या किंवा त्यावरील पातळीच्या नियमनिष्ठ व सज्जन पुरोहितापुढे पापाची कबुली द्यावी आणि तो सांगेल ते प्रायश्चित्त करावे. मात्र जाणूनबुजून आणि स्वेच्छेने दुष्ट कृती केली, तर पतन कायमचे. शिस्तभंग आणि पाप यांच्या तराजू येथे वेगळ्या झाल्या. व्रत मात्र कडकच राहिले. मिळकतीचा दहावा हिस्सा दान करणे, जादूच्या वस्तू दहाहून अधिक न बाळगणे, सज्जनांशीच संगत ठेवणे या अटी त्याला लागू होत्या. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने आणखी एक प्रश्न सोडवला. मंत्राच्या अमलाखाली पॅलाडिनकडून दुष्ट कृती घडली, तर त्याचे सामर्थ्य प्रायश्चित्त पूर्ण होईपर्यंतच जाई.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीतील आचारसंहिता बहुतेक खेळाडूंना पाठ असते. न्याय्य सत्तेचा मान राखावा, खोटे बोलू नये, फसवू नये, विष वापरू नये, गरजूंना साहाय्य करावे, निरपराधांना छळणाऱ्यांना शासन करावे. ती मोडल्यास सामर्थ्य जाई, पण पुरोहिताच्या प्रायश्चित्तमंत्राने परत येऊ शके. या मंत्रात एक मार्मिक तपशील होता. अपराध हेतुपुरस्सर असेल तर मंत्र घालणाऱ्या पुरोहितालाच स्वतःचे ५०० अनुभवगुण खर्ची घालावे लागत. पतिताला सावरण्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजायची, हे नियमांच्या रुक्ष भाषेतही स्पष्ट नोंदले गेले.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने पतनाचा नियमच काढून टाकला. एकदा दीक्षा मिळाली की सामर्थ्य कायमचे. वाट चुकलेल्याचा समाचार त्याच्याच पंथातील लोकांनी घ्यावा. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तिसऱ्या पातळीवर घेतलेली शपथ हे व्रताचे केंद्र झाले, आणि शपथा निरनिराळ्या झाल्या. निष्ठेची शपथ घेतलेल्याला असत्य वर्ज्य आहे. सूडाची शपथ घेतलेल्याला शत्रूच्या नाशासाठी साधनांचा विधिनिषेध बाळगण्याचे फारसे कारण नाही. एकाचे पाप ते दुसऱ्याचे कर्तव्य होऊ शकते. चुकलेल्या पॅलाडिनने रात्रभर प्रार्थना करावी, उपवास करावा, असे ही आवृत्ती सुचवते. पश्चात्तापाचे चिन्हच नसेल, तर त्याला हा वर्ग सोडावा लागू शकतो.

कोंडी

पतनाचे जे प्रसंग वादग्रस्त ठरतात, त्यांत सहसा पॅलाडिनला मोह झालेला नसतो. दोन कर्तव्यांच्या कात्रीत तो सापडलेला असतो. समजा, त्याने काही गावकरी तळघरात लपवले आहेत आणि जुलमी, परंतु कायदेशीर राजाचे शिपाई दाराशी येऊन विचारतात. खरे सांगावे तर निरपराध मरतात. खोटे सांगावे तर सत्याचे व्रत मोडते. शस्त्र उपसावे तर न्याय्य सत्तेचा मान जातो, निदान राजाच्या सत्तेला 'न्याय्य' म्हणावे की नाही हा प्रश्न उभा राहतो. दुसरा नेहमीचा प्रसंग शरण आलेल्या कैद्याचा. त्याला सोडले तर तो आपल्या टोळीला सावध करील. बरोबर न्यावे तर मोहीम फसेल. निःशस्त्राला मारावे तर ती हत्याच.

अशा वेळी न्यायाधीश असतो सूत्रधार, आणि प्रसंगही त्यानेच रचलेला असतो. प्रत्येक वाटेच्या टोकाशी पतनच ठेवले असेल, तर खेळाडूपुढे निवड उरत नाही आणि ती शोकांतिकाही होत नाही. केवळ एका खेळाडूच्या पात्राचा पाय मोडला जातो. टेबलाभोवतीची मैत्री बिघडवणारे भांडण बहुधा येथेच सुरू होते. याच्या उलट अनुभवही येतो. काही खेळाडू व्रताचा आधार घेऊन सोबत्यांवरच पहारा ठेवतात, चोराच्या भूमिकेतील मित्राला एक कुलूपही उघडू देत नाहीत. सज्जनांशीच संगत करण्याच्या जुन्या अटीने या प्रवृत्तीला बळ दिले, असे म्हणावे लागते.

'पाथफाइंडर' या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने (२०१९) कोंडीवर सर्वांत सुबोध तोडगा काढला. त्यात व्रताची कलमे महत्त्वाच्या क्रमाने दिलेली असून, दोन कलमांत विरोध आला तर वरचे पाळावे, त्यासाठी खालचे मोडल्यास दोष नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. तळघरातील गावकऱ्यांचा प्रश्न त्यामुळे बराचसा सुटतो. नियमाबाहेरचा उपाय म्हणजे खेळ सुरू होण्यापूर्वीच सूत्रधार आणि खेळाडू यांनी व्रताचा अर्थ आपसात ठरवणे, आणि घातक कृती प्रत्यक्षात येण्याआधी सूत्रधाराने तसा इशारा देणे. पॅलाडिनला जे आयुष्यभराच्या साधनेने ठाऊक असते, ते खेळाडूला त्या संध्याकाळी ठाऊक असेलच असे नाही. म्हणून हा इशारा म्हणजे सवलत नव्हे.

पतनानंतर

तिसऱ्या आवृत्तीत 'ब्लॅकगार्ड' हा दुष्ट योद्ध्यांचा वर्ग होता. पतित पॅलाडिन त्यात शिरल्यास त्याला अधिक सामर्थ्य मिळे, आणि पॅलाडिन म्हणून त्याने जितक्या पातळ्या गाठल्या असतील तितके ते वाढे. पाचव्या आवृत्तीत या जागी शपथभंग केलेल्यांचा स्वतंत्र उपवर्ग आला. त्यासाठी पात्र दुष्ट असावे लागे. व्रत मोडूनही मनाने सज्जन राहिलेल्याला तेथे स्थान नव्हते, ही या रचनेची उणीव होय.

कथांमध्ये पतनाला अधिक वाव मिळाला. 'ड्रॅगनलान्स' मालिकेतील लॉर्ड सोथ या सरदाराला जगावरील महासंकट टाळण्याची संधी देव देतात. पण मत्सराने आंधळा होऊन तो अर्ध्या वाटेवरून परततो आणि मृत्यूनंतरही शापित योद्धा म्हणून उरतो. 'वॉरक्राफ्ट ३' (२००२) या डावपेचांच्या संगणकखेळातील राजपुत्र आर्थस हा पॅलाडिन रोगाने ग्रासलेल्या नगरीतील प्रजेची, ती प्रेतयोनीत जाण्यापूर्वीच, कत्तल करतो. त्याचे पाऊल प्रजेच्या रक्षणासाठी उचललेले असते; पुढे शापित तलवार स्वीकारून तो स्वतःच्या पित्याचा वध करतो.

संगणकावरील भूमिकाखेळांत न्यायनिवाडा यंत्राकडे जातो. 'बाल्डर्स गेट' (१९९८) मध्ये चमूची कीर्ती ठरावीक मर्यादेखाली घसरली की पॅलाडिनचे पतन होई. सद्गुण आणि नावलौकिक यांची ही गल्लत सोयीसाठी केलेली होती. 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) मध्ये शपथ मोडताच एक शपथभ्रष्ट योद्धा भेटतो. त्याच्याकडून नवे काळे सामर्थ्य घेता येते, किंवा सोन्याची नाणी मोजून जुनी शपथ परत मिळवता येते. कोणत्या कृतीने शपथ मोडते हे तेथे आधीच ठरलेले असते, आणि टेबलाभोवती सूत्रधाराला सांगता येते तशी आपली बाजू यंत्रापुढे मांडता येत नाही.