नावात पुणे, जंतू साऱ्या जगाचा

मंडळी, लग्नाच्या पंगतीनंतर पन्नास-शंभर माणसांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या, की आपल्या वऱ्हाडात कारण लगेच सापडतं : 'भाजीत पाल पडली असन.' दुसऱ्या दिवशी पेपरात 'विषबाधा' हा शब्द छापून येतो आणि विषय संपतो. यात तत्त्वज्ञानाच्या माणसाचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. काम आहे, कारण प्रश्न नावाचा आहे.

आधी पाल. घरातल्या पालीला विष नसतं. पण तिच्या आतड्यात साल्मोनेला हे जंतू राहू शकतात आणि तिला त्यांचा त्रास होत नाही. तिची विष्ठा उघड्या अन्नात पडली, की जंतू अन्नात उतरतात. म्हणजे लोकांचा संशय अगदीच निराधार नाही. पण विष आणि जंतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विष पडलं तेवढंच राहतं. जंतू मात्र उकाड्यात, उघड्या पातेल्यात तासातासाला वाढत जातो. आणि अन्न नीट उकळलं तर तो मरतो.

साल्मोनेलाचे 2,500 हून जास्त प्रकार आहेत. त्यांतल्या अनेकांना गावांची नावं आहेत : डब्लिन, पनामा, बरेली आणि, हो, पूना! 1930 च्या दशकात पुण्यातल्या एका आजारी बाळाच्या शौचात हा प्रकार पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून हे नाव. जंतू पुण्यात जन्मला, असं त्यातून सिद्ध होत नाही. तिथं कोणीतरी नीट तपासून पाहिलं, एवढंच सिद्ध होतं.

हा तसा क्वचित आढळणारा जंतू. तो पाळीव कासवांपासून माणसांत आला आहे, खरबुजातूनही आला आहे. खरबुजाच्या सालीवर जंतू असले, तर कापताना सुरीबरोबर ते गरात जातात. 2015 साली मेक्सिकोतून आलेल्या काकड्यांमुळे अमेरिकेच्या 40 राज्यांत 907 माणसं आजारी पडली, 6 दगावली. ही एकच साथ आहे, हे कसं कळलं? वेगवेगळ्या प्रयोगशाळांतून एकच नाव येत गेलं, म्हणून. नाव नसतं, तर ती 907 वेगवेगळी पोटदुखीची प्रकरणं ठरली असती.

त्याच 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलं, की नव्या रोगांना गावा-देशांची नावं देऊ नयेत. योग्यच आहे, नावामुळे गाव बदनाम होतं. म्हणजे काही नावं दोष चिकटवतात आणि काही नावं शोध पुढे नेतात. आपली 'विषबाधा' पहिल्या जातीची. आचाऱ्याला धरलं, पालीला धरलं, की झालं!

समजा, एकाच ट्रकमधली खरबुजं अमरावतीत उतरली आणि अकोल्यातही. दोन्हीकडे माणसं आजारी पडली. शौचाची तपासणीच झाली नाही, तर हा धागा जोडणार कोण? दोन्ही शहरांत वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. उणीव आहे ती विचारण्याच्या सवयीची.

तेव्हा जुलाब झाले की आधी ओआरएस. बाळ असेल, म्हातारं माणूस असेल, ताप असेल, शौचात रक्त असेल, तर थांबू नका, दवाखान्यात जा. स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक घेऊ नका. साध्या जुलाबात बहुतेकदा ते लागतही नाही. आणि डॉक्टरांना एवढं जरूर विचारा : 'शौच कल्चरला पाठवायचं का?' फळ कापण्याआधी धुवा, पातेलं झाका. पालीला मारायची गरज नाही.