कोडमध्ये खाडाखोड चालत नाही! ओपन सोर्समध्ये उतरणाऱ्या पोरांनी आधी ‘फेरफार’ समजून घ्या

बाजारहत्नूर (जि. आदिलाबाद) : आपल्या जिल्ह्यातल्या नारनूर मंडलातलं गुंजाला गाव जगाच्या युनिकोड यादीत आहे. या गावात सापडलेल्या हस्तलिखितांतली गोंडी लिपी ‘गुंजाला गोंडी’ या नावानं 2018 मध्ये युनिकोडमध्ये आली. तिचा ‘नोटो’ मालिकेतला फॉन्ट ओपन सोर्स आहे. म्हणजे त्याच्या मूळ फायली गिटहबवर कुणीही बघू शकतो आणि दुरुस्तीही सुचवू शकतो. बोथ-इच्चोड्याची असोत की किनवट-माहूरची, आपल्या पोरांना मराठी, गोंडी, तेलुगू घरातच मिळते. भाषेची चूक त्यांना चटकन दिसते. पण दुरुस्ती बरोबर असूनही पाठवायची रीत चुकली, तर ती परत येते. ही रीत म्हणजेच व्हर्जन कंट्रोल.

गिट म्हणजे कोडची कीर्द

गिट हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी तयार केलं. दुकानातली कीर्द आठवा. तारीख, रक्कम, कशापोटी, सगळं लिहिलेलं असतं. गिटमध्ये अशा नोंदीला ‘कमिट’ म्हणतात. कुणी बदल केला, कधी केला, काय बदललं हे त्यात असतं. शिवाय प्रत्येक कमिटमध्ये आधीच्या कमिटची खूण असते. त्यामुळं मागची एक नोंद बदलली, की पुढच्या सगळ्यांच्या खुणा बदलतात. गुपचूप खाडाखोड करायला जागाच नाही.

पुल रिक्वेस्ट म्हणजे फेरफार

महाराष्ट्रातल्या वाचकांना सातबाऱ्याचा फेरफार माहीत आहे. तलाठी नोंद धरतो, हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. (आपलं तेलंगणातलं मंडल वेगळं, ते तालुक्यासारखं.) ओपन सोर्समध्येही तसंच. मूळ प्रकल्पाला तुम्ही थेट हात लावत नाही. आधी आपल्या खात्यात त्याची प्रत घ्यायची, ती ‘फोर्क’. त्यात कामासाठी वेगळी फांदी काढायची, ती ‘ब्रँच’. काम झालं की ‘पुल रिक्वेस्ट’ पाठवायची. प्रकल्प सांभाळणारे ती तपासतात, शंका विचारतात आणि पटलं तरच मूळ कोडमध्ये घेतात.

पाठवण्याआधी एवढं पाळा

1. प्रकल्पात ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ नावाची फाईल असली तर आधी ती वाचा. प्रत्येक घराचे नियम वेगळे.

2. तेच काम दुसरं कुणी करतंय का, ते तक्रारींच्या यादीत बघा. नाहीतर दोघांची मेहनत, एकाची वाया.

3. एका कमिटमध्ये एकच बदल. अक्षराची दुरुस्ती आणि फायलींची मांडामांड एकत्र केली, तर तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. शिवाय पुढं एकच गोष्ट मागं घ्यायची म्हटली तर दोन्ही जातात.

4. कमिटचा मजकूर नीट लिहा. पहिली ओळ साधारण 50 अक्षरांची, मग एक ओळ रिकामी, मग कारण. ‘बदल केला’ असं लिहून भागत नाही. समजा एखाद्या फॉन्टमध्ये ‘दऱ्या’ हा शब्द ‘दर्या’ दिसतोय. डोंगरातली दरी गेली आणि समुद्र आला! मग लिहा : ‘दऱ्या’मधला अर्धा र दुरुस्त. खाली दोन ओळींत दोन्ही शब्दांचे अर्थ सांगा. तपासणाऱ्याला मराठी येत असेलच असं नाही.

5. पाठवण्याआधी मूळ प्रकल्पातले ताजे बदल आपल्या प्रतीत घ्या.

6. सुधारणा सांगितली तर त्याच ब्रँचमध्ये करा. दर वेळी नवी पुल रिक्वेस्ट काढू नका.

7. पासवर्ड कधीच कमिट करू नका. नंतर फाईल काढली तरी जुन्या नोंदीत तो राहतो. चुकून गेलाच, तर आधी पासवर्ड बदला. कमिटमध्ये तुमचं नाव आणि ईमेलही जातो, तेव्हा कोणता ईमेल द्यायचा ते आधी ठरवा.

चूक झाली तर?

हिशेबात चुकीची नोंद खोडत नाहीत, उलट नोंद टाकतात. गिटमध्ये त्याला ‘रिव्हर्ट’ म्हणतात. चूकही दिसते, दुरुस्तीही दिसते. सगळ्यांच्या वापरातल्या ब्रँचवर जबरदस्तीनं इतिहास बदलणं मात्र टाळा, त्यात दुसऱ्याचं काम पुसलं जाऊ शकतं.

आकडा वाढवायचा मोह नको

2020 च्या ‘हॅक्टोबरफेस्ट’मध्ये ठरावीक पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. मग काय, एखादा शब्द इकडचा तिकडं करून लोकांनी रतीब घातला. प्रकल्प सांभाळणारे, ज्यांतले कित्येक फुकट काम करतात, वैतागले. शेवटी जे प्रकल्प स्वतःहून तयार असतील त्यांनाच सामील करायचा नियम आयोजकांना आणावा लागला. नोकरीसाठी प्रोफाइल दाखवायचं असेल, तर लक्षात ठेवा : ही नोंदही तुमच्याच नावावर राहते.

एक गोष्ट आपल्या सोयीची आहे. गिटचं काम ऑफलाईन चालतं. कमिट घरी बसून करा, रेंज मिळाली की पाठवा. सुरुवात एका छोट्या दुरुस्तीनं करा, पण अशी करा की दहा वर्षांनी कुणी नोंद उघडली, तर ‘हे का केलं’ याचं उत्तर तिथंच मिळेल.