कोंडून दारू सुटत नाही

‘चार दिवस खोलीत कोंडा, आपोआप सुटेल’ हा घरगुती उपाय रोज भरपूर पिणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. दारू अचानक तुटली की आधी हात थरथरतात, साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी काहींना भिंतीवर नसलेले किडे दिसू लागतात. (घरचे तेव्हा मांत्रिक शोधतात!) रुग्णालयाच्या वॉर्डात लोराझेपामसारखी औषधे मोजून देतात, नाडी-रक्तदाब बघत राहतात; ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन हे जीवनसत्त्व टोचतात, कारण त्याच्या कमतरतेने मेंदूला इजा होते. ‘दाखल करूनही पुन्हा पितातच ना?’ काही पितात. पण साखर पुन्हा वाढली म्हणून इन्सुलिनला कुणी नावे ठेवत नाही. वॉर्ड शरीर सावरतो. ओढ आवरायला पुढे समुपदेशन लागते, गटसभा लागतात. पुण्याचे ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून त्याच कामात आहे.