होडी जुन्या घडणीची की नव्या?

शिडाच्या होड्या म्हणजे श्रीमंतांचा शौक, आपल्याला काय त्याचं, असं म्हणायची आता सोय राहिलेली नाही. २०१७-१८ मध्ये नौदलातल्या सहा जणी गोव्याहून 'तारिणी' घेऊन निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आल्या. २०२४-२५ मध्ये दिलना आणि रूपा या दोघींनीच त्याच होडीतून प्रदक्षिणा पुरी केली. आमच्याकडच्या मुलीही आता एनसीसीच्या नेव्हल विंगची चौकशी करतात. त्यांच्या आया मात्र मला एकच विचारतात, "ताई, ती होडी उलटत नाही ना?"

उलटते हो. खोटं कशाला सांगू? होडीच्या लांबीच्या निम्म्याहून उंच लाट फुटून आडवी आदळली, तर जवळजवळ कुठलीही होडी पालथी होऊ शकते. खरा प्रश्न असतो तो ती लगेच सुलटी होते का, हा. आणि इथेच जुन्या आणि नव्या होडीचा वाद सुरू होतो. तो वाद आपल्या जात्या-मिक्सरच्या वादाइतकाच चिवट आहे!

जुन्या घडणीची होडी अंगाने अरुंद आणि वजनाला भारी. तिच्या तळाला जड कणा असतो, त्याला कील म्हणतात. हा कणा जवळजवळ होडीभर लांब आणि सुकाणू त्याच्याच मागच्या टोकाला जोडलेलं. अशी होडी सरळ चालते, सारखं सुकाणू धरून बसावं लागत नाही. पण चाल मंद, आणि बंदरात मागे घ्यायची म्हटलं की अडेलतट्टू बैलासारखी.

नवी होडी म्हणजे 'रेसर-क्रूझर'. शनिवारी शर्यत, रविवारी कुटुंबाची सहल, दोन्हीला एकच. ती हलकी, रुंद, सपाट तळाची. खाली माशाच्या परासारखी अरुंद, खोल कील बोल्टने जोडलेली आणि सुकाणू वेगळं. वाऱ्याच्या तोंडाकडे ती जास्त चांगली चढते, जागच्या जागी वळते, आणि आत दोन-तीन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर. जुनीत हे सुख नाही.

वेगाचा हिशेबही साधा आहे. होडीचा पाण्याला टेकलेला भाग जितका लांब, तितका तिचा वेग. हा भाग २५ फुटांचा असेल तर जड होडी ताशी साधारण १२ किलोमीटरच्या पुढे फारशी जात नाही. जुन्या होड्यांची दोन्ही टोकं डौलात पाण्याबाहेर झुकलेली, म्हणून दिसायला मोठी पण चालीला लहान. नवीची टोकं उभी कापलेली. दिसायला साबणाच्या वडीसारखी, पण पळते.

मग नवीच चांगली की! थांबा. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंडजवळ 'फास्टनेट' शर्यतीत ३०३ होड्या वादळात सापडल्या. १५ स्पर्धक दगावले, २४ होड्या माणसांनी सोडून दिल्या, पाच बुडाल्या. त्यानंतर हलक्या, रुंद होड्यांवर पुष्कळ संशोधन झालं. रुंद होडी एरवी कमी कलंडते, पण एकदा पालथी पडली की पालथीच राहायला बघते. ताटली उपडी पडते ना, तशी. त्याच शर्यतीत 'असेंट' ही ३२ फुटी होडी तिच्या गटात एकटी शर्यत पुरी करून आली. गंमत म्हणजे ती ना पुरती जुनी, ना पुरती नवी. अंग अरुंद आणि भारी, कील मात्र आखूड.

दुसरी भीती बोल्टची. मे २०१४ मध्ये 'चीकी राफिकी' या ४० फुटी रेसर-क्रूझरची कील अटलांटिक महासागरात सुटली आणि चारही जण गेले. आधी कधी तळ आपटल्याने तो जोड कमजोर झाला असावा, असं तपासात पुढे आलं. म्हणून नवी होडी घेणाऱ्याने गाद्या-पडदे बघण्याआधी कीलचा जोड बघावा.

आता जुनीची बाजू. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एकट्याने, कुठेही न थांबता ३१२ दिवसांत जगाला फेरी मारून आले. असं करणारे ते पहिले. त्यांची ३२ फुटी 'सुहैली' सागवानी होती आणि आपल्या मुंबईत बांधलेली! त्या सफरीच्या आठवणीत 'गोल्डन ग्लोब' शर्यत २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. होड्या लांब कीलच्या, जुन्या घडणीच्याच हव्यात, असा नियम. २०२२ च्या शर्यतीत १६ जण निघाले, मुख्य गटात तिघेच पोचले. पहिली आली कर्स्टन नॉयशेफर, दक्षिण आफ्रिकेची चाळिशीची बाई! वाटेत एका स्पर्धकाची होडी बुडाली, तर शर्यत बाजूला ठेवून तिने त्याला वाचवलं, आणि तरी जिंकली. दुसरे आले आपले अभिलाष टॉमी.

पण जुनं ते सोनं म्हणून डोळे मिटू नका. कर्स्टनने ज्याला वाचवलं, त्याची होडीही जुन्याच घडणीची होती, आणि काही मिनिटांत बुडाली. अभिलाष यांची 'सुहैली'च्या धर्तीवर गोव्यात बांधलेली 'थुरिया' २०१८ मध्ये हिंदी महासागरात उलटली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. कर्स्टनला जिथे जवळपास आठ महिने लागले, तिथे जस्टिन मेत्रो हिने निव्वळ शर्यतीसाठी बांधलेल्या ६० फुटी होडीतून २०२५ च्या जानेवारीत ७६ दिवसांत फेरी संपवली. जितके दिवस कमी, तितकी वादळं कमी, हेही खरंच. हवामानाचा अंदाज बघून वाट बदलायची, तर पायात चाल हवीच.

मला विचाराल तर किनाऱ्याकिनाऱ्याने, मुलाबाळांसह जायचं तर नवी बरी. दोघं-तिघंच भर समुद्रात महिनोन्‌महिने जाणार असतील, तर अरुंद आणि भारी. याचं माझं एक कारण बायकी आहे. ऐसपैस स्वयंपाकघर बंदरात छान दिसतं, पण होडी कलली की चहाचं भांडं सोडा, चहा करणारीच या भिंतीवरून त्या भिंतीवर जाते. अरुंद होडीत कंबर ओट्याला आणि पाठ समोरच्या फळीला टेकवून दोन्ही हात मोकळे राहतात. शेगडी दोन्ही बाजूंना खिळीवर टांगलेली असते, होडी कलली तरी ती सपाटच राहते.

'तारिणी' ५६ फुटी आहे, गोव्यात दिवाडी बेटावरच्या गोदीत बांधलेली. आत लाकूड, बाहेर फायबरग्लास. त्या आयांना मी आता हे सगळं सांगते. परवा एकीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आमच्या पोरीला पोहायला कुठे घालू?"