ठोसा हाताचा, हिशोब मनगटाचा

लढाईच्या व्हिडिओ गेममध्ये एरवी अंगठे आणि बोटंच काय ती लढतात. निन्टेंडोच्या ‘वी’ने २००६ मध्ये हा रिवाज मोडला. ‘वी स्पोर्ट्स’मधल्या बॉक्सिंगमध्ये दोन्ही हातांत कंट्रोलर धरून हवेत ठोसे मारायचे असतात. नवखा खेळाडू जीव तोडून हात फिरवतो, घामाघूम होतो आणि तरी हरतो. असं का?

कारण कंट्रोलरला आपला हात दिसतच नाही. त्याच्या पोटात त्वरणमापक नावाची चिप असते. तिच्यात अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर एक इवलंसं वजन टांगलेलं असतं. बस अचानक सुटली की उभे प्रवासी मागे झुकतात, तसंच हात हलला की हे वजन मागे राहतं. किती, ते चिप मोजते. म्हणजे तिला कळतो तो वेगातला बदल. सावकाश, एकाच वेगाने आणलेला हात तिला जेमतेम जाणवतो. आखूड, झटकन सुटून झटकन थांबलेला ठोसा मात्र स्पष्ट कळतो. हात कसा वळतोय, हे टिपतो जायरोस्कोप. वीला तो २००९ मध्ये ‘मोशनप्लस’ या जोडणीतून मिळाला.

दुसरी अडचण वेळेची. ‘स्ट्रीट फायटर २’सारख्या गेममध्ये सेकंदाच्या जवळपास साठाव्या भागाचाही हिशोब असतो. बटण क्षणात दाबलं जातं. हात पुढे जाऊन परत यायला वेळ लागतो.

निन्टेंडोच्याच ‘स्विच’वर २०१७ मध्ये आलेल्या ‘आर्म्स’ने यावर तोड काढली. यातल्या लढवय्यांचे हात स्प्रिंगसारखे लांब ताणले जातात. ठोसा समोरच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात मनगट वळवून आपल्याला त्याची वाट वाकवता येते. दोन्ही जॉय-कॉन अंगठे वर ठेवून मुठीत धरायचे. दोन्ही हात एकदम पुढे झटकले की पकड, दोन्ही आत झुकवले की बचाव, एकाच बाजूला झुकवले की लढवय्या तिकडे सरकतो. हाताला बटणाच्या वेगाशी शर्यत लावायला न सांगता गेमच हाताच्या चालीने घडवला. आणि ज्याला हात हलवणं जमत नाही, त्याला तोच गेम बटणांनीही खेळता येतो.

एक मात्र विसरू नका. मनगटाची दोरी तुटून कंट्रोलर हातातून उडू लागले, तेव्हा डिसेंबर २००६ मध्ये निन्टेंडोला लाखो दोऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली. म्हणून दोरी घट्ट बांधा, टीव्हीपासून लांब उभे राहा आणि दंडापेक्षा मनगटावर भरवसा ठेवा.