इफ्तारनंतरचे पोट आणि कुड्याची साल

पनवेलमध्ये १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना काढला. आव, जुलाब यांवरचे कुटजारिष्ट ज्याच्या सालीपासून करतात, तो पांढरा कुडा कोकणातल्या रानात उगवतो. त्या सालीत कोनेसीन हे द्रव्य असते.

पोटातले काही उपद्रवी जंतू एकमेकांना चिकटून बुळबुळीत कवच करतात, म्हणजे बायोफिल्म. त्यात प्रतिजैविकेही सहज शिरत नाहीत. लवंगेतले युजेनॉल, लसणातले ॲलिसिन, कलौंजीतले थायमोक्विनोन प्रयोगशाळेत हे कवच कमकुवत करतात. काचेच्या बशीतले यश पोटातही मिळेलच असे मात्र नाही.

इफ्तारच्या भज्यांनी बिघडलेले पोट लवंगेवर सोपवणारे पुष्कळ! पण ताप असेल, शौचातून रक्त जात असेल, तर डॉक्टरच गाठावा. आजाऱ्याला रोजा सोडण्याची मुभा कुरआनातच आहे; राहिलेले रोजे रमजाननंतर भरून काढता येतात.